नोस्केच्या फाटकापाशी अडकलेलं घर

उनाच्या लग्नाला तिचा बाप आला नाही. गॉटलीब नोस्के कट्टर लुथरन पंथाचा आणि नवरामुलगा, म्हणजे माझा शेजारी क्लॅरी पेंगेली, मेथडिस्ट पंथाचा. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या विमेरा भागात तेवढं कारण पुरेसं होतं. शिवाय क्लॅरीला घर नव्हतं, होती फक्त लोकर कातरायची पत्र्याची शेड.

"माझी पोर काय मेंढरांत झोपणार?" असं म्हातारा मेंढ्यांच्या बाजारात चारचौघांसमोर बोलला. क्लॅरीला ते फार लागलं.

एकोणपन्नास साली टॉलर्स क्रीकची शाळा मुलांअभावी बंद पडली. दोन खोल्या, एक व्हरांडा, सगळं लाकडी. उना तिथली शेवटची मास्तरीण. क्लॅरीने लिलावात शाळा घेतली आणि थेट माझ्याकडे आला.

"तुझा ट्रॅक्टर हवाय दोन दिवस."

"कशाला?"

"घर आणायचंय."

"घरातलं सामान म्हण."

"नाही रे बाबा, घर!"

ऑगस्टात पेरण्या उरकलेल्या, हाताला काम नव्हतं. आम्ही शाळेखाली गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडाचे दोन भलेमोठे ओंडके सरकवले, साखळदंड बांधले आणि माझा न् त्याचा ट्रॅक्टर जुंपला. अंतर अकरा मैल. उना आत जाऊन बसली.

"खाली उतर," क्लॅरी ओरडला, "छप्पर बिप्पर कोसळलं तर?"

"आणि माझ्या कपबशा कोण धरणार, तू?"

पहिल्या दिवशी आम्ही सात मैल गाठले. घर डुलत चाललं होतं आणि खिडकीतून उना आम्हाला स्कोन, म्हणजे छोटे गरम गोडसर पाव, देत होती. रात्रभर पाऊस पडला. सकाळी जेमतेम मैलभर गेलो असू, काळ्या मातीत ओंडके रुतले ते रुतलेच. ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. आणि अडकलो कुठे? नेमके गॉटलीब नोस्केच्या फाटकासमोर!

तिथेच त्यांचा संसार सुरू झाला. पोस्टमन रस्त्याच्या मधोमध पत्रं टाकून जायचा. येणारे-जाणारे चहा पिऊन जायचे. माझी बायको तर टोपी-बिपी घालून रीतसर नव्या घरी भेटायला आली.

अडकल्याच्या तिसऱ्या दिवशी म्हातारा सहाशे गाभण मेंढ्या घेऊन फाटकातून बाहेर पडला. त्याला त्या पलीकडच्या कुरणात न्यायच्या होत्या. दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये शाळा.

"हे काय मांडलंय?" तो गरजला.

क्लॅरी चिखलात गुडघाभर उभा. "घर आहे, मिस्टर नोस्के."

"घर रस्त्यात असतं?"

उना व्हरांड्यात आली. "पापा, भिजताय. आत या, केक केलाय. आईचा, वरून लोण्या-साखरेचा चुरा घातलेला."

त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याने पायरीवर बूट काढून ठेवले आणि आत गेला. लागोपाठ तीन तुकडे खाल्ले. निघताना भिंत थोपटून बघितली, खालचे ओंडके वाकून बघितले.

"लाकूड चांगलं आहे. ओढणारे गाढव आहेत," एवढंच म्हणाला आणि मेंढ्या परत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नांगराचे आठ घोडे घेऊन हजर! इतकी अवाढव्य जनावरं त्या भागात तेव्हा त्याच्याकडेच उरली होती.

"मी रस्ता मोकळा करायला आलोय," त्याने बजावलं, "जावयाला मदत करायला नाही."

"जावई म्हणालात, पापा!" उना खिडकीतून हसली.

"गप्प बस आणि कपबशा धर!"

घोड्यांनी एका दमात घर चिखलातून उपसलं. संध्याकाळी क्लॅरीच्या जमिनीवर पोचलो तेव्हा कळलं, पुढचं दार मेंढवाड्याकडे आणि स्वयंपाकघर रस्त्याकडे झालंय.

"फिरवू उद्या," म्हातारा म्हणाला. पण उद्या घोडे दमलेले, परवा मेंढ्या व्यायला लागल्या, मग आलं गव्हाचं पीक, आणि मग थोरल्या मुलीचा जन्म.

एक्केचाळीस वर्षं ते घर तसंच आहे. चार मुलं त्यात वाढली. पाहुणे स्वयंपाकघरातून येतात. पुढच्या दारावर कधी धडक बसलीच तर क्लॅरी पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, "मेंढा असेल. चहा ठेवू नकोस, उना."