उजव्या पायातलं जोडवं

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारावीत होते. शिरोली फाट्यावर उसाच्या ट्रॉलीचं चाक आईच्या उजव्या पायावरून गेलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाय एवढा सुजला की चांदीचं जोडवं बोटात रुतून बसलं. आधी ते जोडवं कापा, असं ती सारखी सांगत होती. तिचं कुणी ऐकलं नाही. गुडघ्याखाली पाय काढला, तो जोडव्यासकट.

पुढे रबरी पाय मिळाला. सवाष्णीचा पाय मोकळा कसा ठेवायचा, म्हणून वडिलांनी नवं जोडवं आणलं आणि रबरी बोटाला पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलं.

मग रोजचं सुरू झालं. आई म्हणायची, उजव्या पायातलं जोडवं रुतालंय, जरा सैल कर की. आम्ही खुळ्यासारखं रबरी बोटातलं जोडवं सैल करायचो. काढूनही बघितलं, पुन्हा चिकटवलं. रबरी पाय भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा, तरी हिला रुतायचंच. मग आम्ही तिची चेष्टा करायला लागलो. त्यात मी पुढं. पुढे कुरुंदवाडला शाळेत विज्ञान शिकवायला लागले, मज्जासंस्थेचा धडा तोंडपाठ होता, आणि कोल्हापूरला घरी येऊन आईला सांगायचे की हे सगळे मनाचे खेळ आहेत.

वडील गेले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तिची जोडवी उतरवली. डाव्या पायातलं निघालं. रबरी बोटातलं एकीनं ओढून काढलं. आई म्हणाली, उजव्यातलं अजून हायच. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला गप्प बस म्हणाले.

दोन-तीन वर्षांनी स्टाफरूममध्ये पेपर वाचत होते. परदेशात हात तुटलेल्या एकाच्या दंडातल्या मज्जातंतूंमध्ये केसासारख्या बारीक तारा बसवल्या होत्या. डोळे झाकूनसुद्धा यांत्रिक हाताच्या कुठल्या बोटाला स्पर्श झाला, ते तो सांगत होता. खाली एका डॉक्टरांनी लिहिलं होतं की अवयव गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही. गेलेल्या बोटातली अंगठी टोचते, असं सांगणारे रुग्णही असतात.

तासाची घंटा झाली तरी मी तीच बातमी पुन्हा वाचत होते. इतकी वर्षं ती खरं बोलत होती आणि मी, तिची शिकलेली लेक, तिला वेड्यात काढत होते. स्वतःची एवढी शरम मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळच्या एसटीनं कोल्हापूर गाठलं आणि तिला बातमी वाचून दाखवली. भडाभडा बोलत सुटले. आज हाताला जमलं, उद्या पायाला जमेल. पायाखालची फरशी गार आहे की गरम, ते तुला कळेल. आणि मज्जातंतूलाच हात घालता येतो म्हणजे ते रुतणंही बंद करतील.

आईनं गुडघ्याखालचा उरलेला पाय दोन्ही हातांनी झाकला.

"नगं. त्यास्नी सांग, माझ्या पायाला हात लावायचा न्हाई."

मला काही कळेना. एवढी वर्षं रुततंय म्हणून रडत होतीस ना, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"रुतू दे," ती म्हणाली. "तुझ्या बाच्या नावाचं समदं काढून घेतलं बायकांनी. ह्ये एकच त्यास्नी घावलं न्हाई."