पाच पिनांचा प्लग

"हवी ती वस्तू बघायचीच नाही रे. बघितलीस की भाव चढलाच!" हे आमच्या शेजारच्या काकांचं भंगारातलं तत्त्व. त्यांच्या गॅलरीत एवढे जुने पंखे नि इस्त्र्या कशाला, हे मी कधी विचारलं नव्हतं.

पाच पिनांचा गोल प्लग मिळेना, म्हणून बाबांचा टेपडेक मुका पडला होता. काका मला नया नगरच्या भंगारवाल्याकडे घेऊन गेले. प्लग समोरच टोपलीत होता. मी बोट दाखवणार, तेवढ्यात काकांनी माझा हात दाबला. "भाई, ये पंखा कैसे दिया?" मग तासभर घासाघीस. भंगारवाला वैतागून हरला आणि आम्ही विजयी मुद्रेने रिक्षात बसलो.

दार उघडताच काकूंनी पंखा पाहिला. मला म्हणाल्या, "प्लग तिथेच राहिला ना? ठेव हा गॅलरीत, बाकीच्यांशेजारी."