तडकलेली बरगडी

चिंचवड स्टेशनापलीकडे एका बंद तेलगिरणीच्या शेडमध्ये मी दीड वर्ष एक विमान दुरुस्त केलं. ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. विमान दोन माणसांचं, दुहेरी पंखांचं, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विलायतेत बनलेलं. बोटीनं मुंबईला येऊन त्यानं कितीतरी जणांना उडायला शिकवलं. पुढे उतरताना चाकं मोडली आणि ते ताडपत्रीखाली पडून राहिलं. माझे साहेब त्यावरच उडायला शिकले होते, म्हणून म्हातारपणी त्यांनी ते विकत घेतलं.

मी डिप्लोमा झालेला, जरा चढेल. लाकडी सांगाडा तपासणं माझ्याकडे होतं. त्यावर कापड शिवायला साहेबांनी देहूजवळच्या गावातून एक बाई आणल्या. गोधड्या, गाडीची ताडपत्री, सगळं त्या शिवत. पंखातल्या आडव्या लाकडी पट्ट्यांना, म्हणजे बरगड्यांना, कापड मेणाच्या दोऱ्यानं गाठी मारून बांधायचं असतं. त्यांच्या गाठी ओळंब्यात असल्यासारख्या सरळ पडत.

एके दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"दादा, ही बरगडी दबतीया. आतनं तडकली आसंल."

मी ती बरगडी महिन्यापूर्वीच पास केली होती. कापड उसवायचं म्हणजे माझी चूक साहेबांना दिसणार. मी म्हटलं, "मावशी, लाकडाचं मी बघतो. तुम्ही टाके घाला."

त्यांनी टाके घातले.

पुढे सरकारी तपासनीस आले. त्यांनी पंखावरून बोटं फिरवली, एका जागी थांबले आणि कापड कापायला सांगितलं. कात्री मीच चालवली. बरगडी तडकलेली होती. ताजी चीर पांढरी दिसते. ही काळी पडलेली, जुनी धूळ बसलेली होती. माझ्याशिवाय कुणी पाहायच्या आत मी तो तुकडा काढून मुठीत धरला. हे कशानं झालं, असं साहेबांनी विचारलं.

"शिवताना हाताचा भार पडला असेल," मी म्हणालो.

बाई दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. सुई हातातच होती.

"माजा हात तसा पडत न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली मान घालून कात्री पुसत बसलो. संध्याकाळी साहेबांनी त्यांना उद्यापासून येऊ नका, म्हणून सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. तरी तो तुकडा घरी नेऊन मी चुलीत घातला.

नवी बरगडी बसवून उरलेलं शिवण मी केलं, वेडंवाकडं. विमान उडालं. साहेबांनी पहिल्या फेरीत मला पुढे बसवलं. देहूजवळ, बाईंच्या गावाशी, इंद्रायणीवरून जाताना त्यांनी खाली बोट दाखवलं, तेव्हा मी दुसरीकडे पाहत राहिलो.

चार महिन्यांनी सायकल काढून मी बाईंच्या गावी गेलो. त्या अंगणात शिवत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की चीर जुनी होती आणि मला ते माहीत होतं.

"मला बी ठाव हाय ते," त्या म्हणाल्या. चहा ठेवायला सुनेला हाक मारली. मग विचारलं, "सायबास्नी सांगितलंत का?"

"सांगतो," मी म्हटलं.

चहा पिऊन निघालो. वाटेत वाक्यंही जुळवली. शेडमध्ये पोचलो तर साहेब टेबलाशी बसून माझ्यासाठी शिफारसपत्र लिहीत होते. त्यात पंखांचं सगळं काम एकट्या माझ्या हातचं असल्याचं लिहिलं होतं. त्यांनी ते मला वाचून दाखवलं, काही चुकलं का विचारलं.

नाही, म्हणालो मी. तेच पत्र दाखवून मला पिंपरीत नोकरी लागली, आणि निवृत्त होईपर्यंत मी ती केली.