मायच्या गालावरचे वांग

चाळिशी उलटली तशी मायच्या दोन्ही गालांवर, आणि थोडे हातांवरही, वांगाचे काळपट डाग उमटू लागले. कापूस वेचण्यात तिचं निम्मं आयुष्य उन्हात गेलेलं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. पण एका लग्नात काकूनं चारचौघींत विचारलं, "तुना गालवर शाई सांडनी का वं?" सगळ्या हसल्या. मायही हसली, पण घरी येताना गाडीत ती सारखी गालांवरून बोटं फिरवत होती.

पुढच्या बाजारी तिनं अमळनेरला एका फिरत्या विक्रेत्याकडून पांढरा लेप घेतला आणि कुणाला न सांगता लावला. सकाळी गाल लालबुंद, सुजलेले. पदर ओढून ती चुलीपुढे बसून राहिली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पदर बाजूला केला, पाहिलं आणि लगेच गाडीला बैल जुंपले.

अमळनेरचे वैद्य म्हणाले, "आधी हे भाजलेलं बरं होऊ द्या. तोवर नुसतं तूप लावा. मग जायफळ दुधात उगाळून लावा, पण थोडंच. आग झाली तर लगेच धुवा. आणि बाई, ऊन टाळलं नाही तर कुठलाच लेप उपयोगी नाही."

"मंग कापूस कोन येचई?" माय पुटपुटली.

घरी आल्यावर आबांनी आपलं जुनं धोतर फाडून तिला तोंडावर बांधायला फडकं करून दिलं. शेतातल्या बायका आधी तिला खूप चिडवायच्या. दुसऱ्या हंगामात त्यातल्या कितीतरी जणी तसंच फडकं बांधून आल्या.

गाल बरे झाल्यावर संध्याकाळी आबा ओट्यावर सहाण घेऊन बसू लागले. दिवसभर नांगर धरलेला तो राकट हात जायफळ इतकं हळू फिरवायचा की मी बघत राहायची.

"बस आठे, मी लाई देसू," ते समोरची जागा दाखवत म्हणायचे आणि बोट लेपात बुडवायचे.

"पोरं बघतात," माय लाजायची. पण डोळे मिटून बसायची.

वर्षभरात गालांवरचे डाग बरेच फिके झाले. पार गेले नाहीत, आणि हातांवरचे तर तसेच राहिले. मायनं त्यांची कधी तक्रार केली नाही. डाग फिके झाल्यावरही सहाण मात्र कितीतरी दिवस ओट्यावर येत होती. आबा उगाळायचे, माय पुढे बसायची, आणि दोघं पिकापाण्याचं बोलत अंधार पडेपर्यंत तिथंच असायची.