गार होऊ द्या, सर

"तडीरी सर, तडीरी. आधी गार होऊ द्या की."

आमचे मिस्त्री हे बोलायचे तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची उलटी बाजू माझ्या गाडीच्या बॉनेटवर असायची, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी. तडीरी म्हणजे कानडीत थांबा. मिस्त्री अक्कलकोटच्या बाजूचे. घरी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि इंजिनाशी काय बोलायचे ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मी कॉलेजात गणित शिकवतो आणि माझा स्वभाव तापट आहे, हे मला बायकोनं, विद्यार्थ्यांनी आणि प्राचार्यांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगून झालेलं आहे. त्यामुळे गाडी तापायची तेव्हा मीही तापलेलाच असायचो. मिस्त्री नेमकं कुणाला गार व्हायला सांगतायत, हे मी कधी विचारलं नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा मिस्त्री असेल. जुळे सोलापूरच्या मागच्या रस्त्याला लिंबाच्या झाडाखाली पत्र्याचं शेड, कपाळावर विभूती, तिच्यावर ऑइलचं बोट. गिऱ्हाइकाला बसायला कुठल्याशा मोडीत गेलेल्या गाडीची मागची सीट. त्या सीटवर बसून मी आयुष्यातला किती वेळ घालवला याचा हिशेब मी गणिताचा प्राध्यापक असूनही मांडलेला नाही. मांडला असता तर रक्तदाब वाढला असता.

गाडी घेतली ती आईसाठी. आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि तिला रिक्षात चढता येईना, एसटीचं तर नावच नको. तिची थोरली बहीण, आमची मावशी, सांगोल्याला अंथरुणाला खिळलेली. महिन्यातून एकदा मावशीला बघून आलं नाही तर आईला अन्न गोड लागत नाही. नवी गाडी झेपणारी नव्हती, म्हणून नऊ वर्षं जुनी, चंदेरी रंगाची, पेट्रोलवरची, चांगली ऐसपैस डिकीवाली गाडी पाहिली. "डॉक्टरांची गाडी, एकहाती वापर," असं विकणारा म्हणाला. मी खात्री करायला मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मला वाटलं झोपले.

"घ्या सर," ते म्हणाले. "लई शांत इंजिन हाय. ह्ये तुम्हाला रस्त्यात उतरवणार न्हाय."

हे वाक्य मी पुढं चार वर्षं त्यांच्या तोंडावर फेकत राहिलो.

तिसऱ्याच महिन्यात गाडीनं आम्हाला उतरवलं. सांगोल्याला निघालो होतो, बेगमपूरच्या पुलाच्या अलीकडं काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मे महिना, भर दुपार. आई मागच्या सीटवर मांडीवर मावशीसाठी केलेल्या शेंगापोळ्यांचा डबा घेऊन बसलेली. मी मिस्त्रींना फोन लावला आणि 'शांत इंजिन' या विषयावर त्यांना बरंच ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तडीरी सर. झाकण उघडू नका, हात भाजंल. आधी गार होऊ द्या. मग तिला पाणी पाजा."

फोन स्पीकरवर होता. तासाभरानं आईनं स्वतःची पाण्याची बाटली पुढं केली. "पाज तिला," म्हणाली. "लई तानली आसंल." बाटली रिकामी झाली आणि गाडी खरंच चालायला लागली. आई वाटभर खूश होती. ज्या बाईनं दुष्काळात टँकरमागं घागरी घेऊन पळत आयुष्य काढलं, तिला हे इंजिन एकदम घरातलं वाटायला लागलं.

पुढचा इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगताना माझा आवाज चढतो. रेडिएटर साफ केला. चार महिन्यांनी गाडी तापली. थर्मोस्टॅट बदलला. गाडी तापली. पंखा बदलला, पंप बदलला, सगळे पाइप बदलले. गाडी आपली तापतेच आहे. पहिल्याच सफाईच्या वेळी बॉनेट उघडायची केबल तुटली, तर नवी मिळेपर्यंत म्हणून मिस्त्रींनी पुढच्या जाळीतून एक तार बाहेर काढून ठेवली. ती ओढली की बॉनेट उघडायचं. नवी केबल काही आली नाही. चारचौघांत गाडीच्या नाकातून लोंबणारी ती तार बघून मला लाज वाटायची.

आणि दर खेपेला या माणसाचा एकच प्रश्न.

"पाणी कुठलं घातलं सर?"

"मी कशाला पाणी घालू? तुम्हीच ते हिरवं कूलंट भरलंय ना?"

"ते भरलंय की. पण पाणी कुठलं घातलं?"

असं वाटायचं की समोरच्या भिंतीवर डोकं आपटून घ्यावं, किंवा त्यांचं आपटावं. वर गाडी पूर्ण थंड झाल्याशिवाय ते झाकणाला हात लावायचे नाहीत. तोवर चहा. दुसरा चहा. माझं लेक्चर बुडालं तरी त्यांना त्याचं काही नाही. "गरम असताना उघडलं तर तोंडावर येतंय सर," एवढंच.

एकदा तर कहर झाला. माझी गाडी त्यांच्या शेडमध्ये अर्धी खोललेली, मी बायकोबरोबर रिक्षानं नवी पेठेत गेलेलो. बघतो तर काय, एका सराफी दुकानाच्या बाजूच्या बोळात, पायरीवर, मिस्त्री निवांत बसलेले. दुकानाच्या एसीचा पाइप भिंतीवरून खाली आलेला, त्याखाली त्यांचा पाच लिटरचा पांढरा डबा. त्यात एकेक थेंब पडतोय आणि हे गृहस्थ तिकडं बघत बसलेत.

"मिस्त्री! माझी गाडी?"

"होईल की सर. पाणी धरायलोय."

"पाणी धरताय? लोकांच्या एसीचं?"

"लई शुद्ध असतंय सर. क्षार न्हाय ह्यात. बॅटरीला, रेडिएटरला ह्येच पायजे. सोलापूरच्या पाण्यानं इंजिनं मरत्यात."

बायको मला ओढून घेऊन गेली म्हणून बरं. रिक्षात मी तिला म्हणालो, की आपली गाडी एका वेड्याच्या हातात आहे. ती म्हणाली, "शहाण्याच्या घरात आहे तिथं कुठं धड आहे?"

चौथ्या वर्षी हेड गॅस्केट गेलं, म्हणजे अख्खं इंजिन उघडायचं काम. मी एका मोठ्या, काचेच्या दरवाजांच्या गॅरेजमध्ये विचारून आलो. तिथल्या टाय लावलेल्या मुलीनं मान हलवली आणि सांगितलं, गाडी काढून टाका. मीही ठरवलं. मिस्त्रींनी गॅस्केट बसवून द्यायचं, आणि गाडी विकायची. घरी तसं जाहीर केलं. त्या संध्याकाळी आई जेवली नाही.

मिस्त्रींनी काम केलं. तीनच आठवड्यांत गाडी दारातच पुन्हा उकळली. मी त्यांना घरी बोलावलं, अक्षरशः फर्मावलं. सकाळची वेळ. पाचव्या दिवशी नळाला पाणी आलेलं, त्यामुळे आईची भांडी भरायची धांदल. आमच्याकडं नळाच्या पाण्याचा एक तांब्यासुद्धा झाडाला जात नाही. झाडांना, अंगणाला, धुण्याला सगळं बोअरचं. मिस्त्री स्कूटरवरून उतरले, तार ओढून बॉनेट उघडलं, हाताची उलटी बाजू लावली. मी बोलत सुटलो. मी काय काय बोललो ते आज लिहायला धजावत नाही. तुमच्या शब्दावर घेतली ही गाडी, असं म्हणालो. माझ्या आईला रस्त्यावर बसवलंत, असंही म्हणालो. समोरच्या गॅलऱ्यांमध्ये लोक आले होते.

मिस्त्री माझ्याकडं बघत नव्हते. बॉनेटमधल्या रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीच्या तोंडाला पांढरा थर जमला होता, तो त्यांनी नखानं खरवडला. मग टाकीत बोट बुडवून चाटलं. आई पायरीवर तांब्या घेऊन उभी होती.

"सर, एक जुनं फडकं आणता का घरातनं?"

मी बडबडत आत गेलो. फडकं सापडायला वेळ लागला. बाहेर आलो तर मिस्त्री खाली मान घालून म्हणाले,

"माझंच चुकलं सर. वायसर चुकीचं बसवलं हुतं. मी नीट करून देतो. आता न्हाय तापणार."

चार वर्षांत पहिल्यांदा कबुली! मला किती आनंद झाला म्हणून सांगू. स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट रंगवून सांगितली, नक्कल करून सांगितली. माझे दोन सहकारी त्यांच्याकडं गाड्या न्यायचे, त्यांनी नेणं बंद केलं. मला तेव्हा वाटलं, बरी अद्दल घडली.

आणि गाडी खरंच तापायची थांबली. मे महिन्यात एसी लावून सांगोल्याला गेलो, काटा मध्यावरून हलला नाही. विकायचा विषय मागं पडला. पुढची दोन वर्षं आई दर महिन्याला मावशीच्या उशाशी बसून आली. मी सगळ्यांना सांगायचो, बघा, माणसाला एकदा खडसावलं की काम कसं होतं.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. मी कॉलेजात असताना मिस्त्री घरी येऊन जायचे. आई सांगायची, "मिस्त्री आलता. गाडी बगितली, च्या पिऊन गेला." मी वैतागायचो. गाडी चांगली असताना हा माणूस कशाला येतो? नवीन काहीतरी काढून ठेवेल. मी समोर भेटलो तर ते नुसते हसायचे, माझ्या तोंडाकडं जरा निरखून बघायचे आणि स्कूटरला किक मारायचे.

या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला शेडला कुलूप दिसलं. पंधरा दिवसांनीही तेच. शेजारच्या टायरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मिस्त्री गेले की सर. गावाकडं गेलते, तिथंच. महिना झाला." मी "अरेरे" म्हणालो. पहिला विचार आला तो, आता गाडी कुणाकडं न्यायची. खोटं कशाला सांगू?

घरी येऊन आईला सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला कळेना. मग ती उठली, भिंतीला धरून मागच्या बाजूला गेली आणि एक रिकामा पाच लिटरचा पांढरा डबा घेऊन आली.

"आरं, रागावू नगंस. गाडीला पानी मीच पाजत हुते."

"कुठलं पाणी?"

"बोअरचं. रोज सकाळी, तुळशीला घालताना. तार वढली की उघडायचं की त्ये. तूच बगितलं न्हाईस का, त्या दिशी रस्त्यात पानी पाजल्यावर कशी चालाय लागली? मला वाटलं, आपन इसरतो, ती तानलेली ऱ्हाती. आन् नळाचं कसं घालू बाबा? आपल्याला प्यायाला पुरत न्हाय."

चार वर्षं. रोज सकाळी. बोअरच्या पाण्याचा सगळा क्षार त्या इंजिनाच्या पोटात.

"मिस्त्रीनं चाटून वळखलं," ती म्हणाली. "तू फडकं आनाय गेलास तवा मी हात जोडलं त्याला. म्हनलं, पोरगं घर डोक्यावर घेईल, गाडी इकील, मग मी ताईला कवा बगू? तर म्हनला, 'अव्वा, पाजायचं आसंल तर ह्ये पाजा, आठवड्यातनं वाटीभर.' दर बारीला ह्यो डबा भरून आनून द्यायचा. म्हनला, 'सरांना आत्ता नगं. त्यांना गार होऊ द्या, मग मीच सांगतो.'"

"मग सांगितलं का नाही?"

"यायचा तवा इचारायचा की. सर गार झालं का? मी म्हनायची, अजून न्हाय."

मी कॉटवर बसलो. दोन वर्षं हा माणूस माझ्या तोंडाकडं निरखून बघत होता. आणि मी स्टाफरूममध्ये त्याची नक्कल करत होतो. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आईवर मी रागावलो नाही. ती घाबरून बघत होती, तेच सहन झालं नाही. डबा घेतला आणि नवी पेठेत गेलो. बोळ सापडला. एसीचा पाइप होता, खाली ओली जागा होती. मी डबा ठेवला आणि उभा राहिलो. टप. बऱ्याच वेळानं पुन्हा टप. सवयीनं मी घड्याळ बघितलं, तोंडातून एक शिवी येता येता राहिली.

दुकानाचा वॉचमन बाहेर आला. त्यानं आधी डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मिस्त्रींचं कोन तुमी?"

मी काय सांगणार? "त्यांचं गिऱ्हाईक," म्हणालो.

"मग बसा की," तो म्हणाला आणि पायाशेजारची पायरी हातानं झाडली. "हितंच बसायचे ते. डबा भराया दुपार जाती."

मी बसलो.