रक्तवाहिनीच्या कडेच्या पेशी

लग्नानंतर अबू धाबीला आले आणि सहा वर्षं अल रीम आयलंडवरच्या फ्लॅटमध्ये पुण्यातली माझी जुनी प्रयोगशाळा आठवत काढली. नवरा लांब रुवैसला रिफायनरीत, फक्त शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचा. मुलगी शाळेत गेली की एसीचा आवाज तेवढा उरायचा. त्यामुळे एका लॅबमध्ये कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेपुरती वर्षभराची जागा निघाली, तेव्हा मी पगारसुद्धा विचारला नाही.

स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून काही मूळपेशी असतात. त्यांच्यापासून नवा स्नायू तयार होऊ शकतो. त्या शेळीच्या स्नायूतून वेगळ्या काढायच्या, हे माझं काम. कत्तलखान्यातून बर्फात आलेल्या तुकड्यातले रक्तवाहिनी असलेले कण मी निवडले आणि डिशमध्ये मांडले. सहा वर्षांनीही हात चिमटा धरायला विसरले नव्हते.

पहिल्या खेपेला बुरशी आली. दुसऱ्या खेपेला नऊ दिवस नुसत्या चपट्या, नको असलेल्या पेशी पसरत राहिल्या. आमचे इजिप्तचे प्रोफेसर म्हणाले, "खलास, फेकून द्या."

"सर, दोन दिवस द्या."

अकराव्या दिवशी त्या चपट्या पेशींवर गोल, चमकदार पेशी अलगद टेकलेल्या दिसल्या. हलक्या हाताने पिपेटने उचलल्या. ओळख पटवणारा रंग घातल्यावर निळ्या-जांभळ्या झाल्या. पुढे खुराक कमी केला तेव्हा एकमेकींत मिसळून त्यांचे लांब तंतू झाले, आणि त्यातला एक चक्क आखडला.

नवऱ्याला फोन केला. "म्हणजे मटण परत हललं?" तो हसला. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र रडू आलं. 'अगं, बघ ना' म्हणून ओढून आणावी अशी मैत्रीण पुण्यात शेजारच्याच टेबलावर असायची. घरी मुलीला त्या तंतूचा व्हिडिओ दाखवला.

"आई, इज इट अलाइव्ह?"

"हो गं."

"कूल," म्हणून ती होमवर्ककडे वळली.

वर्ष संपलं, रजेवरची बाई परत आली. पेशी द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवल्या, नळ्यांवर माझ्या अक्षरात तारखा घातल्या आणि ओळखपत्र परत केलं.

मागच्या आठवड्यात सरांचा मेसेज आला. पेशी बाहेर काढल्यात, छान वाढताहेत. मी लिहिलं, "बघायला येऊ?"

"यल्ला, चला, कधीही या."

अजून गेले नाही. एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावला की उठवणार नाही, आणि उठून घरी तर यावंच लागेल.