खेळातली म्हातारी

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेले कित्येक महिने वाचतोय... खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसत. कारण भुतं तयार करणं हा माझाच उद्योग होता. कुठल्या हडळीत किती ताकद, ती कशाने पळते, हे मी टेबलाशी बसून ठरवायचो. स्वतः शिवलेल्या बुजगावण्याला कोण घाबरणार?

नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. मी तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन, राहायला खांदा कॉलनीत. माझा मित्र सलीम, त्याचं पनवेलच्या बाजारात कापडाचं दुकान. त्याच्या मामूंनी दुबईहून एक परदेशी खेळ आणला होता – बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत, नुसते खूप कोन असलेले फासे आणि नियमांचं पुस्तक. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होऊन बोलतात. अडलं की फासा. वेडच लागलं! पण त्यातले किल्ले, ड्रॅगन परके वाटायचे. म्हणून आपल्याकडचा, मराठीतला खेळ बनवायचं ठरवलं. नियम माझे, गोष्टी सलीमच्या, नकाशे मधुराचे. मधुरा शाळेत चित्रकला शिकवायची, सुकापूरला आईवडिलांबरोबर राहायची.

एका रविवारी दुपारी माझ्या घरी चाचणी चालू होती. सूत्रधार मी. दोघांना नदी ओलांडायची होती – आपटा गावाजवळची पाताळगंगा पाहून मधुराने काढलेली नदी. काठावर मी एक म्हातारी बसवली. आयत्या वेळी सुचलेली. ती सांगणार होती की नाव गळकी आहे. मला आठवतं तसं मी तेवढंच बोललो.

मधुराच्या हातातला फासा हातातच राहिला.

"हे काय बोललास?"

"नाव गळकी आहे म्हणालो."

"नाही रे," सलीमचा चेहरा उतरला होता. "तू म्हणालास, 'पोरी, तुजा बापूस निजलेला नाय. घरा जा.' अल्लाह कसम, हेच म्हणालास."

मी दादरला वाढलेला. गावची बोली बोलायला गेलो की सलीम पोट धरून हसायचा. तेव्हा तो हसला नाही.

मला वाटलं, दोघं मिळून फिरकी घेतायत. "टाका फासा," म्हणालो. मधुराने टाकला आणि आकडा न बघताच उठली. खिडकीशी गेली, परत आली, पाणी ओतलं, प्यायली नाही.

"बाबा जेवून झोपलेत. आई पुण्याला गेलीये. मी उगाच..."

पण बोलता बोलता चपला घालायला लागली. सलीमने स्कूटर काढली.

मी मागे एकटा. बसवेना. नकाशा गुंडाळला, पुन्हा उघडला. 'नाव गळकी आहे' हे मोठ्याने म्हणून पाहिलं. माझाच तर आवाज.

संध्याकाळी सलीम आला. म्हणाला, मधुराचे बाबा कॉटवर घामाने भिजलेले होते, हाका मारल्या तरी डोळे उघडत नव्हते. शुगर एकदम उतरली होती. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं, शिरेतून ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आले.

"डॉक्टर विचारत होते, झोपलेल्या माणसाला उठवायचं सुचलं कसं? काय सांगू यार?"

त्यांना डायबेटिस होता हे मला माहीत होतं, ते लपवत नाही. मनात कुठेतरी काळजी असेल, तोंडून निघाली असेल – हे मी स्वतःला खूपदा समजावलंय. पण नेमकं तेव्हाच? आणि माझ्याच कानांना का ऐकू आलं नाही?

बाबा घरी आल्यावर आम्ही पुन्हा खेळायला बसलो. मधुरा सरळ नदीकाठी आली.

"आजी आहे?"

मी मान डोलावली.

"आजी, माझे बाबा आता बरे राहतील ना?"

'हो' म्हणायला काय जात होतं? मी तोंड उघडलं आणि... मिटलं. काय बाहेर येईल याची मला खात्री नव्हती. मधुरा टक लावून बघत होती. मी उठून गॅलरीत गेलो.

आतून सलीम बोलला, अगदी त्याच्याच आवाजात, "बरा हाय गं तो. चल, नावेत बस."

मधुरा रडता रडता हसली.

तेव्हापासून सूत्रधार सलीमच. खेळ पुरा झाला, झेरॉक्स काढून आम्ही तो वाटलाही. मधुराचे बाबा पुढे बरीच वर्षं जगले. भेटले की विचारायचे, "काय रे, माझी झोपमोड करणारा तूच ना?"

मी नुसता हसायचो. 'हो' म्हणायची हिंमत कधी झाली नाही.